मीठ, समुद्र आणि गलगंड

'दांडी' हे गावाचे नाव बाहेरगावी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चटकन मिठाची मूठ उभी राहते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ६ एप्रिलला ज्या दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलण्यासाठी वाकले, ती दांडी गुजरातेत नवसारीजवळ आहे. आपली दांडी पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेली मच्छीमारांची वस्ती. दोन्ही गावांत सामान्य गोष्ट एकच, ती म्हणजे पुढ्यात पसरलेले खारे पाणी. या खाऱ्या पाण्यावरून आपल्याकडे एक समज सर्रास ऐकू येतो. गलगंड हा डोंगरातल्या माणसांचा रोग. आपण समुद्राचे मीठ खातो, समुद्राचे मासे खातो, आपल्याला कसला गलगंड?

हा समज निम्मा खरा आणि निम्मा खोटा आहे. त्यातला खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, हे समजून घेण्यासाठीच हा लेख. विषय वैद्यकाचा असला तरी कलाशाखेच्या विद्यार्थ्याने बिचकण्याचे कारण नाही. गलगंडाच्या गोष्टीत भूगोल आहे, इतिहास आहे, कायदा आहे आणि समाजशास्त्रही आहे. किंबहुना केवळ औषधाच्या बाटलीने सुटेल असा हा प्रश्न कधी नव्हताच.

शब्द जुना, रोग त्याहून जुना

'गलगंड' हा शब्द आपल्याला आयुर्वेदाकडून मिळाला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची आणि अर्बुद यांच्या जोडीला गलगंडाचेही वर्णन येते. म्हणजे गळ्याला येणारी ही सूज आपल्या पूर्वजांच्या चांगली परिचयाची होती. बोलीत मात्र गलगंड आणि गंडमाळा यांची नेहमी गल्लत होते. गंडमाळा म्हणजे मानेच्या बाजूंना माळेतल्या मण्यांप्रमाणे आलेल्या गाठी. त्या रसग्रंथींच्या असतात आणि पुष्कळदा क्षयामुळे येतात. गलगंड गळ्याच्या पुढच्या भागात, घाटीच्या खाली येतो आणि तो अवटू ग्रंथीचा, म्हणजेच थायरॉइडचा असतो.

या दोहोंतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. आरशासमोर उभे राहून, हनुवटी किंचित वर करून पाण्याचा एक घोट गिळावा. अवटू ग्रंथी श्वासनलिकेला चिकटलेली असल्यामुळे गिळताना ती वर सरकते आणि पुन्हा खाली येते. तिला आलेली सूजही तशीच वरखाली होते. अन्य गाठी बहुधा जागच्या हलत नाहीत. ही खूण म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टरांनीच करायचे. परंतु दाखवायला जावे की नाही, एवढे ठरवायला ती पुरेशी आहे.

एवढीशी ग्रंथी, एवढा पसारा

निरोगी प्रौढ माणसाची अवटू ग्रंथी साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ती श्वासनलिकेवर बसलेली असते. तिचे काम दोन संप्रेरके तयार करून रक्तात सोडण्याचे. त्यांतल्या एकाच्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात, दुसऱ्यात तीन. शरीराची चूल किती जाळावर ठेवायची, हे ही संप्रेरके ठरवतात. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्यांची चाल, त्वचा, केस, मासिक पाळी, मुलांची उंची या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गर्भातल्या व तान्ह्या बाळाच्या मेंदूची घडण त्यांच्यावाचून नीट होत नाही.

संप्रेरके कमी पडली की माणूस मंदावतो. थकवा, थंडी सोसवेनाशी होणे, बद्धकोष्ठ, वजनात वाढ, केस गळणे, जडपणा अशी लक्षणे दिसतात. संप्रेरके जास्त झाली की उलटा प्रकार होतो. छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो, भरपूर खाऊनही माणूस झडत जातो. ग्रंथीचा आकार आणि तिचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे नीट लक्षात ठेवले पाहिजे. गलगंड असूनही संप्रेरके अगदी योग्य प्रमाणात असू शकतात; उलट, गळा सपाट असूनही ग्रंथी मंद पडलेली असू शकते.

ग्रंथी फुगते कशाने?

मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. रक्तात अवटूची संप्रेरके कमी झाली, की ती एक चेतक संप्रेरक पाठवून अवटूला जादा काम करायला लावते. कच्चा माल भरपूर असेल तर अवटू काम वाढवते आणि तंटा मिटतो. परंतु कच्चा मालच, म्हणजे आयोडिनच नसेल तर? पीयूषिकेचा तगादा चालूच राहतो. बिचारी अवटू रक्तातून जाणारा आयोडिनचा कण न् कण टिपण्यासाठी आपल्या पेशी वाढवत जाते. जाळ्यात मासळी येईनाशी झाली की मच्छीमार जाळे मोठे करतो, तसेच हे. हे मोठे झालेले जाळे म्हणजेच गलगंड. या दृष्टीने पाहिले तर गलगंड ही मुळात उणीव भरून काढण्यासाठी शरीराने केलेली धडपड आहे. ती फार वर्षे चालली, की ग्रंथीत गाठी होतात आणि मग आयोडिन देऊनही त्या मावळत नाहीत.

आता ही गरज तरी किती मोठी असावी? प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला २५० मायक्रोग्रॅम लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर सगळे मिळून चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. चहाचा चमचाही त्याने भरणार नाही. परंतु हा चमचा एकदाच गिळून चालत नाही. शरीर आयोडिनचा मोठा साठा करू शकत नाही, म्हणून ते रोजच्या रोज, कणाकणाने मिळावे लागते.

शोधाची वाट

आयोडिनचा शोध लागला तोही समुद्राच्या काठानेच. १८११ साली फ्रान्समध्ये बेर्नार कुर्त्वा हा रसायनज्ञ नेपोलियनच्या युद्धांना लागणाऱ्या बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करीत होता. समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करताना त्याला जांभळी वाफ उठताना दिसली. ग्रीक भाषेतील जांभळ्या रंगाच्या शब्दावरूनच या द्रव्याला आयोडिन हे नाव पडले. गलगंडावर समुद्रशेवाळ आणि जाळलेला स्पंज देण्याचा उपाय फार पूर्वीपासून चालत आलेला होता. या उपायाच्या पोटात आयोडिन असावे असा तर्क करून १८२० मध्ये जिनीव्हाच्या क्वान्दे या वैद्याने रोग्यांना थेट आयोडिनच दिले. गुण आला, पण मात्रेचा अंदाज नसल्यामुळे काहींना अपायही झाला आणि उपाय बदनाम झाला. पुढे १८९५च्या सुमारास बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला अवटू ग्रंथीतच आयोडिन सापडले, तेव्हा या तर्काला पाया मिळाला.

तरीही वाद मिटला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मॅककॅरिसन हा लष्करी डॉक्टर गिलगिटच्या खोऱ्यात गलगंडाचा अभ्यास करीत होता. त्याने दूषित पाण्याकडे बोट दाखवले. गलगंड म्हणजे जंतूंचा रोग असावा, असे त्या काळी अनेकांना वाटे. निर्णायक पुरावा आला तो शाळकरी मुलींकडून. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे गाव आहे. तेथे डेव्हिड मरीन आणि त्याचे सहकारी यांनी १९१७ पासून मुलींना ठरावीक काळाने अल्प आयोडिन द्यायला सुरुवात केली. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी अवघ्या ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींची वाढली. आकडे स्वतःच बोलतात. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने मिठात आयोडिन घालण्यास प्रारंभ केला.

मीठच का निवडले? कारण मीठ गरीब-श्रीमंत सारेच खातात, रोज खातात आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात. आपल्या भाषेनेही हे ओळखले आहे. गरिबाच्या जेवणाला आपण मीठ-भाकर म्हणतो आणि इमान राखणे म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. एखादा पदार्थ प्रत्येक घरात पोहोचावा असे वाटत असेल, तर त्याला मिठासारखा दुसरा वाहक नाही.

कांगड्याचा धडा

आपल्या देशातला पुरावा हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यातून आला. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडिनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. सुरुवातीला तिन्ही विभागांत शंभरातील सुमारे ३८ जणांना गलगंड होता. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा आयोडिन मिळालेल्या विभागांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. साध्या मिठाच्या विभागात ते सुमारे ४० होते. मग त्या तिसऱ्या विभागालाही आयोडिनयुक्त मीठ दिले गेले आणि तेथेही गलगंड उतरू लागला. याच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

त्या वेळी हा रोग हिमालयाच्या पट्ट्यापुरताच आहे, असे मानले जाई. हिमनद्यांनी, पावसाने आणि पुरांनी डोंगराच्या मातीतले आयोडिन धुऊन समुद्रात नेलेले असते. त्या मातीत पिकणाऱ्या धान्यात आणि भाजीत ते उतरत नाही, हे त्यामागचे कारण. परंतु पुढील पाहण्यांनी हा समज मोडला. महाराष्ट्रात त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात, गुजरातेत भडोच जिल्ह्यात, केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात गलगंडाचे पट्टे सापडले. भडोच नर्मदेच्या मुखाशी आहे आणि एर्नाकुलमचे तर एक अंग अरबी समुद्रालाच लागलेले आहे. तेव्हा समुद्राचे शेजारपण हे काही कवच नव्हे.

समुद्राच्या मिठात आयोडिन किती?

येथेच आपल्या किनाऱ्यावरच्या समजाचा खोटा भाग उघडा पडतो. समुद्रात आयोडिन आहे, म्हणून मिठागरातल्या मिठात ते असणारच, हे अनुमान वरवर तर्कशुद्ध दिसते. आपण हिशेब मांडून पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडिन असते फक्त ५० ते ६० मायक्रोग्रॅम. पाणी आटवून मीठ केले आणि सगळे आयोडिन त्यातच उरले असे क्षणभर धरले, तरी एक ग्रॅम मिठात दोन मायक्रोग्रॅमसुद्धा पडत नाही. आणि प्रत्यक्षात सगळे उरतही नाही. काही उन्हात उडून जाते, काही मीठ काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या कडवट पाण्यात जाते. घरी पोहोचलेल्या मिठात ग्रॅमला निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडिन असावे, असे आपल्याकडचे प्रमाण आहे. म्हणजे मिठागराचे उघडे खडेमीठ कितीही पांढरेशुभ्र आणि कितीही जवळच्या खाजणातले असो, त्याने ही गरज भागत नाही.

मग खरा भाग कोणता? तो मासळीचा. समुद्रातले शेवाळ आणि मासे पाण्यातले विरळ आयोडिन आपल्या अंगात साठवतात. म्हणून रोज समुद्राची मासळी खाणाऱ्या घरात आयोडिनचा पुरवठा बऱ्यापैकी होतो. पण किनाऱ्यावर राहणारा प्रत्येक जण रोज मासळी खातोच असे नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. चांगले पापलेट आणि घोळ आधी बाजाराला जातात, घरच्या ताटाला नंतर. कामासाठी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत येऊन राहिलेल्या अनेक कुटुंबांत मासळी शिजतच नाही. आणि याच जिल्ह्याची दुसरी बाजू म्हणजे जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ, धो धो पावसाचा मुलूख. तेथल्या पाड्यावर समुद्राची ताजी मासळी कधीमधी पोहोचते, पण स्वस्त खडेमीठ हमखास पोहोचते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला तेव्हा सागरी, नागरी आणि डोंगरी असे त्याचे तीन भाग सांगितले गेले. आयोडिनच्या दृष्टीने या तिन्ही भागांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. उत्तर मात्र एकच, मिठाचा डबा.

मच्छीमारांच्या वस्तीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. मासे खारवण्यासाठी जे मीठ पोत्याने आणले जाते, ते आयोडिनयुक्त नसते. खारवण्याच्या कामाला ते योग्यच आहे. परंतु त्याच पोत्यातली मूठ कालवणात पडू लागली, की समुद्राकाठी राहूनही घरातल्या मुलाबाळांना आयोडिन कमी पडण्याची वाट मोकळी होते.

आयोडिनखेरीज इतर कारणे

प्रत्येक गलगंड आयोडिनच्या अभावानेच होतो, असे मात्र समजू नये. आयोडिनयुक्त मिठाचा प्रसार झाल्यावर इतर कारणे अधिक ठळकपणे दिसू लागली आहेत.

पहिले कारण अन्नातले. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीच्या जातीच्या भाज्या यांतील काही द्रव्ये अवटूच्या कामात अडथळा आणतात. बाजरीतही असे गुणधर्म आढळले आहेत. परंतु यामुळे कोबी-बाजरी वर्ज्य करण्याची गरज नाही. आयोडिन पुरेसे मिळत असेल आणि आहार मिश्र असेल, तर या अन्नाने सहसा बिघडत नाही. एकाच अन्नावर दिवस काढावे लागणाऱ्या गरिबाला, तेही आयोडिन तुटपुंजे असताना, त्याचा त्रास होतो. तंबाखूच्या धुरातूनही असेच एक द्रव्य शरीरात जाते.

दुसरे कारण शरीराचे स्वतःवरच उलटणे. रोगजंतूंशी लढणारी आपली यंत्रणा कधी कधी अवटूलाच परकी समजते. १९१२ मध्ये हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेल्या विकारात ग्रंथी सुजते आणि हळूहळू मंद पडते. ग्रेव्ह्ज नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात ती सुजून बेफाम काम करू लागते. डोळेही बाहेर आल्यासारखे दिसतात. हे दोन्ही विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात.

तिसरे, वयात येताना आणि गरोदरपणी शरीराची गरज वाढल्यामुळे ग्रंथी थोडी मोठी होते. चौथे, लिथियमसारखी काही औषधे. पाचवे, जन्मजात दोष, ज्यात संप्रेरक बनवण्याची एखादी पायरीच अधू असते. सहावे, ग्रंथीतल्या गाठी. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात, थोड्या कर्करोगाच्या निघतात. गाठ झपाट्याने वाढणे, ती टणक लागणे, आवाज घोगरा होणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, यांपैकी काहीही दिसले तर दिवस घालवू नयेत.

आणि सातवे कारण विचार करायला लावणारे आहे. आयोडिन फार जास्त झाले तरी गलगंड होतो. जपानमधील होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळ अतोनात खाणाऱ्या लोकांत असा गलगंड १९६०च्या दशकात नोंदवला गेला. तेव्हा 'अति सर्वत्र वर्जयेत्' हे येथेही लागू आहेच.

वीजकेंद्राच्या शेजारी राहताना

दांडीच्या उत्तरेस थोड्या अंतरावर तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. त्यातले पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. या परिसरात थायरॉइडचा विषय निघाला की बोलणे या केंद्राकडे वळते, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून त्यातले शास्त्र स्पष्ट समजून घेतलेले बरे.

अणुभट्टीत युरेनियम फुटताना किरणोत्सारी आयोडिन तयार होते. मोठ्या अपघातात ते बाहेर पडले, तर गवतावर बसते, गाईच्या दुधात उतरते आणि मुलांच्या पोटात जाते. अवटू ग्रंथीला साधे आयोडिन आणि किरणोत्सारी आयोडिन यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही सारख्याच हावेने ओढून घेते. २६ एप्रिल १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियात लहानपणी या आयोडिनच्या संपर्कात आलेल्या हजारो जणांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. ज्या भागातल्या अन्नात आयोडिन कमी होते तेथे हा धोका अधिक दिसला. उपाशी ग्रंथी अधिक ओढते, हेच त्यामागचे कारण. पोलंडने त्याच वेळी एक कोटीहून अधिक मुलांना साधे आयोडिन पाजले, म्हणजे ग्रंथी आधीच भरलेली राहावी.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, गळ्याची प्रत्येक सूज वीजकेंद्राच्या खात्यावर टाकणे शास्त्राला धरून नाही. गलगंड अणुशक्तीच्या जन्माआधी हजारो वर्षे होता आणि त्याची सामान्य कारणे वर दिलीच आहेत. आधी ती तपासावीत. मात्र शेजारी राहणाऱ्यांनी प्रश्न विचारणे, आणीबाणीच्या योजनेची माहिती मागणे हा त्यांचा हक्क आहे; त्याला अज्ञान म्हणून हिणवणेही बरोबर नाही. दुसरी, आणीबाणीत देण्याच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडिन असते. तेवढे आयोडिनयुक्त मिठातून घ्यायचे म्हटले, तर साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल! मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी मिठासाठी दुकानांवर गर्दी केली होती. ती गर्दी व्यर्थ होती. गोळी सांगितल्यावाचून घेऊ नये आणि मिठाला गोळी समजू नये. रोजच्या मिठाचे काम ग्रंथी उपाशी राहू न देणे, एवढेच आहे. परंतु ते काम लहान नाही.

गंमत अशी, की हेच किरणोत्सारी आयोडिन औषधही आहे. बेफाम झालेली ग्रंथी शांत करण्यासाठी आणि थायरॉइडच्या कर्करोगावर ते वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळ येथे १९६३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे.

मिठाचा कायदा, दुसऱ्यांदा

१९८४ मध्ये खाण्याचे सर्वच मीठ आयोडिनयुक्त करण्याचा निर्णय झाला आणि १९८६ पासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून 'गलगंड' जाऊन 'आयोडिन न्यूनता विकार' हे शब्द आले. हा बदल अर्थपूर्ण होता. गळ्यावर दिसते ते केवळ वरचे टोक. न दिसणारे नुकसान मेंदूचे, हे त्यातून मान्य झाले. १९९८ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठवली गेली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली.

या बंदीला विरोध करणाऱ्यांनी गांधीजींच्या दांडीची आठवण काढली. गरिबाच्या मिठावर सरकारने पुन्हा हात टाकावा का, लहान मिठागरवाल्याने काय करावे, असे त्यांचे प्रश्न होते. हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की भेसळीसाठी केलेल्या जुन्या कायद्याखाली असा नियम करता येत नाही. पुढे त्याच वर्षी अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत ही तरतूद आली. मात्र १९३० सालच्या मीठकराचा पैसा सरकारी तिजोरीत जात होता. मिठातल्या आयोडिनचा लाभ ते खाणाऱ्याच्याच पोरांना मिळतो. हा भेद ध्यानात घेतला, तर लहान उत्पादकाला आयोडिन घालण्याची सोय करून देणे हा मार्ग निघतो, आयोडिनच नाकारणे हा नव्हे.

आज चित्र पुष्कळ सुधारले आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ९४ टक्के घरांच्या मिठात आयोडिन आढळले. परंतु 'आढळले' आणि 'पुरेसे आढळले' यांत अंतर आहे. २०१८-१९च्या भारतीय आयोडिन पाहणीत पुरेसे आयोडिन असलेले मीठ सुमारे तीन-चतुर्थांश घरांतच होते.

आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे, आणि बहुतेक फुकट आहे. मीठ घेताना पिशवीवरचा आयोडिनयुक्त असल्याचा उल्लेख आणि तारीख पाहावी. किनाऱ्याच्या दमट हवेत मीठ उघडे राहिले, पाझरले किंवा चुलीशेजारी तापले की आयोडिन उडते. म्हणून ते झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे. खडेमीठ धुऊन वापरण्याची आपल्याकडची जुनी सवय आहे. आयोडिनयुक्त खड्यावर आयोडिनचा थर वरूनच दिलेला असतो, त्यामुळे धुताना तोच आधी जातो. शक्य असेल तेथे मीठ पदार्थ शिजत आल्यावर घालावे. खारवण्याचे पोते आणि स्वयंपाकाची बरणी कायमची वेगळी ठेवावी. आयोडिन मिळावे म्हणून मीठ जास्त खाणे मात्र चुकीचे. रक्तदाबाच्या दृष्टीने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहणेच हिताचे. मिठावर थेंब टाकताच निळा-जांभळा रंग दाखवणारी तपासणीची पेटी 'आशा' ताईंकडे दिली जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्यांच्याबरोबर आपण गावातली पंचवीस घरे फिरलो, तर एका दुपारीत खरी परिस्थिती कळेल.

सर्वांत अगत्याची गोष्ट शेवटी सांगतो. गलगंड झालेली मुलगी पदराने किंवा ओढणीने गळा झाकते. लग्न जमेल का, या काळजीने घरातले दवाखाना टाळतात. आणि तिला खरी गरज असते ती लग्नाआधीच तपासणीची. गर्भाच्या पहिल्या काही महिन्यांत बाळ संप्रेरकांसाठी सर्वस्वी आईवर अवलंबून असते. त्या काळात फार मोठी उणीव राहिली, तर मूल मतिमंद, बहिरे किंवा खुरटे जन्मू शकते. पापुआ न्यू गिनीत १९६६ पासून गर्भधारणेपूर्वी स्त्रियांना आयोडिनयुक्त तेलाचे इंजेक्शन देऊन केलेल्या प्रयोगाने हे निर्विवादपणे दाखवून दिले. मूल झाल्यानंतर दिलेले आयोडिन ते नुकसान भरून काढत नाही. थोडी कमतरता असेल, तर मूल वरून धडधाकट दिसते. फक्त वर्गात मागे पडते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या आई-बाप होतील, कितीतरी जण शिक्षक होतील. मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला 'ढ' म्हणण्यापूर्वी त्याच्या घरच्या मिठाची चौकशी करणारा शिक्षक या जिल्ह्याला हवा आहे. आणि झाकलेला गळा पाहून कुजबुजण्याऐवजी 'चल, मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात' म्हणणारी मैत्रीणही.